ग्रीनकार्डच्या रांगेसाठी लष्कराच्या भाकऱ्या: कोणी भाजल्या आहेत का?

नाचणीसत्त्व
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. नवऱ्याची ईबी-२ ची (उच्चशिक्षितांच्या नोकरीवरच्या ग्रीनकार्डाची) प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१४ मधली, त्यामुळे अजून रांगेतच आहोत. मी नवऱ्याच्या एच-१बी (कामाच्या व्हिसा) मुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आहे, ईएडीवर (कामाच्या परवान्यावर) नोकरी करते. कोणाचा नंबर कुठवर आला ते सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला आलं की घरात थोडा वेळ कोणी कोणाशी बोलत नाही.

सध्या इथल्या एका स्वयंसेवी गटातल्या ताई माझ्या मागे लागल्या आहेत. रविवारी संध्याकाळी त्यांचा कॉल असतो, मग आठवडाभर काँग्रेसमनच्या (इथल्या खासदारांच्या) ऑफिसांना फोन, पत्रं, वर्षातून एकदा वॉशिंग्टनला भेटी. काम चांगलं वाटतं, पण नवरा म्हणतो, "नसत्या उठाठेवी. आपल्याला मत नाही, आपलं कोण ऐकणार?"

माझे प्रश्न: (१) अशा गटांमुळे खरंच कधी काही हललं आहे का? (२) व्हिसावर असताना हे करण्यात धोका आहे का? (३) पैसे मागतात ते द्यावेत का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगावं. "सगळं नशिबावर असतं" हे सांगायला सासूबाई आहेत.

वाटाणाफोडणी
शनीची साडेसाती साडेसात वर्षांत सुटते. सात टक्क्यांची साडेसाती कधी सुटते ते शनीलाही माहीत नाही.

बुधवारपेठी
^^ सात टक्के म्हणजे काय ते आम्हा पुण्यात बसलेल्यांना कोणी सांगेल का? नुसतं "बॅकलॉग बॅकलॉग" ऐकतो.

उंबरठा
बुधवारपेठी, थोडक्यात सांगते. नोकरीच्या आधारावरची ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. हा आकडा १९९० च्या कायद्यातला, म्हणजे तेव्हा आपल्याकडे एसटीडी बूथ होते. त्यात कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, मग तो देश भारत असो नाहीतर आइसलँड. आणि नवरा, बायको, मुलं सगळी त्याच आकड्यात मोजतात. इतर देशांचे उरले तर रांगेतल्या जुन्यांना मिळतात. नागरिकत्व कुठलं ते बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. अमेरिकन काँग्रेसच्या संशोधन विभागाने २०२० साली अंदाज मांडला होता की ईबी-२ च्या रांगेत नव्याने उभ्या राहणाऱ्या भारतीयाला १९५ वर्षं लागतील.

वाटाणाफोडणी
१९५ वर्षं म्हणजे आपल्या खापरपणतूला इंटरव्ह्यूचं पत्र येणार आणि तो म्हणणार, पत्ता बदलला आहे.

घाटमाथा
नाचणीसत्त्व, मी २००६ पासून या भानगडीत आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब देतो.

जून २००७ मध्ये परराष्ट्र खात्याने जुलैचं बुलेटिन काढलं आणि जवळजवळ सगळ्या ईबी कॅटेगरी एकदम करंट केल्या, म्हणजे रांगच नाही. सगळ्यांना आय-४८५ (ग्रीनकार्डाचा शेवटचा अर्ज) भरता येणार! लोकांनी भारतात सुट्टीवर गेलेल्या बायकांना परत बोलावलं, लग्नं पुढे ओढली, मेडिकलसाठी डॉक्टरांकडे रांगा लावल्या. वकिलांची ऑफिसं शनिवार-रविवार उघडी. आणि २ जुलैला, अर्ज टपालात पडलेले असताना, जाहीर झालं की नंबर संपले, अर्ज परत पाठवणार.

'इमिग्रेशन व्हॉइस' ही संघटना तेव्हा नवी होती. तिथे कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की निषेध करायचा तर गांधीगिरीने. यूएससीआयएसचे (इमिग्रेशन खात्याचे) तेव्हाचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांना फुलं पाठवायची. १० जुलैला त्यांच्या ऑफिसात गुच्छांवर गुच्छ पोचले. त्यांनी जाहीर केलं की ही फुलं वॉल्टर रीड आणि बेथेस्डाच्या लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांकडे पाठवतो. बातमी सगळीकडे झाली. त्याच आठवड्यात सॅन होजेला मोर्चा निघाला. १७ जुलैला सरकारने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले.

ग्रीनकार्ड त्यातल्या बहुतेकांना लगेच मिळालं नाहीच. पण ईएडी मिळालं, बायका नोकरीला लागल्या, १८० दिवसांनंतर कंपनी बदलता आली. माझंही तेव्हाच.

थालीपीठ_मेरीलँड
काका, फुलांचा किस्सा कितीही वेळा ऐकला तरी भारी वाटतो. पण फुलांनीच माघार घेतली असं म्हणवत नाही. लगेच खटलाही भरला गेला होता, सॅन होजेच्या काँग्रेसवुमन झोई लॉफग्रेन यांनी पत्रांवर पत्रं लिहिली होती. सरकारी वकिलांना कळलं असणार की कोर्टात तोंडावर आपटू.

घाटमाथा
मान्य. खटल्याचा वाटा मोठा. पण लॉफग्रेनबाईंना पत्र लिहावंसं का वाटलं? त्यांच्या मतदारसंघातले लोक ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होते म्हणून. वेगळं काढता येत नाही हे.

परतलो_बुवा
एवढं सगळं करण्यापेक्षा परत या की! मी २०१६ ला आलो. पुण्यात घर, आईवडील जवळ, पोरगा मराठी बोलतो. कोणाच्या बुलेटिनची वाट बघत नाही.

वाटाणाफोडणी
आला! "परत या" हा प्रतिसाद दहाव्याच्या आत येणार यावर आमच्यात पैज लागली होती. माझं जेवण फुकट.

नाचणीसत्त्व
परतलो_बुवा, तुमचा निर्णय तुम्हाला लखलाभ, मनापासून. पण लेक नववीत आहे, मधेच उचलून नेणं सोपं नाही. आणि धागा त्याबद्दल नाही हो.

उंबरठा
नाचणीसत्त्व, तुझ्या प्रश्नात दोन वेगळे उशीर एकत्र झालेत. एक उशीर कायद्यामुळे. १,४०,००० आणि सात टक्के हे काँग्रेसने बदलल्याशिवाय हलणार नाही, तुम्ही कितीही फोन करा. दुसरा उशीर टेबलावरचा. फाइल आहे, नंबर आहे, पण कोणी उघडत नाही. "सरकारी काम आणि सहा महिने थांब" तो प्रकार. तिथे स्वयंसेवकांना खूप काही करता येतं, आणि हे मी अनुभवाने सांगते.

२०१९ मध्ये एच-४ च्या मुदतवाढीसाठी बायोमेट्रिक्स सक्तीची केली. आधी एच-४ चा अर्ज एच-१बी बरोबरच निकाली निघायचा. आता तो ठसे देण्याची तारीख मिळेपर्यंत पडून राहायला लागला, आणि एच-४ अडकला की ईएडीही अडकलं. मग कोविड आला, ठसे घेण्याची केंद्रं बंद. माझी नोकरी त्यातच गेली. मॅनेजर चांगली होती, पण कागद संपलेल्या माणसाला पगार देणं बेकायदा, ती तरी काय करणार. टीममधला निरोप व्हिडिओ कॉलवर, सगळे म्हणतायत लवकर परत ये, आणि मी मनात म्हणतेय, कधी?

त्या काळात आम्ही एच-४ वाल्या बायकांनी एक साधं काम केलं. एक तक्ता. अर्जाची तारीख, कुठल्या केंद्रावर आहे, ठसे कधी झाले, नोकरी गेली का, पगार किती बुडाला, कोणत्या राज्यात राहता. रात्री मुलं झोपली की प्रत्येकीला फोन करून पावतीवरची तारीख ताडून बघायची, कारण लोक पावतीची तारीख आणि ठशांच्या पत्राची तारीख यात हमखास गोंधळ करतात. कंटाळवाणं काम. पण वकिलांना नेमकं तेच हवं होतं. मे २०२१ मध्ये ती बायोमेट्रिक्स थांबवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका खटल्यात तडजोड होऊन काही एच-४ वाल्यांना ईएडीची आपोआप मुदतवाढ मान्य झाली. आणि वॉशिंग्टन राज्यातल्या फेडरल कोर्टात जो खटला होता त्यात जानेवारी २०२३ मध्ये तडजोड झाली: एच-१बी, एच-४ आणि ईएडी एकत्र भरलं तर एकत्रच निकाली काढायचं.

ती तडजोड फक्त दोन वर्षांसाठी होती. जानेवारी २०२५ मध्ये संपली.

कोथिंबीरवडी
उंबरठा ताई, त्या तक्त्यात माझंही नाव होतं बहुतेक! ओहायोची एक जण रात्री फोन करून "पावती काढ, वरचा उजवा कोपरा वाच" म्हणायची. ती तू होतीस का?

उंबरठा
ओहायोची मी नव्हे, पण ती कोण ते माहीत आहे. सगळे तिला हेडबाई म्हणायचो.

अर्धाकप
मी विरोधी सूर लावणार आहे, चालेल ना?

माझा नवरा ब्राझीलचा. त्याच्या बाजूने बघते तेव्हा हे "देशाची मर्यादा काढा" आंदोलन मला तितकंसं निर्मळ दिसत नाही. पंगतीत पानं तेवढीच, भांडण फक्त पहिल्या पंगतीला कोण बसणार याचं. एकूण १,४०,००० वाढवत नाही तोवर आपली रांग कमी म्हणजे फिलिपिन्सच्या नर्सची, नायजेरियाच्या इंजिनियरची रांग जास्त. २०१९-२० मध्ये काही स्वयंसेवकांनी समाजमाध्यमांवर विरोधकांवर जे तोंडसुख घेतलं ते वाचून लाज वाटली होती. सेनेटर डर्बिन म्हणत होते की एकूण आकडा वाढवा, तर आपले लोक त्यांच्याच नावाने शिमगा करत होते.

घाटमाथा
अर्धाकप, शिमग्याबद्दल तुमच्याशी सहमत. पण पंगत ठरवताना "जन्म कुठे झाला" हा निकष मुळात नोकरीच्या ग्रीनकार्डाला का असावा, हा प्रश्न राहतोच. कंपनी माणसाला घेताना गाव विचारत नाही.

बाकी राजकारणाचा अनुभव सांगायचा तर तो कडूच आहे. २०११ मध्ये हाउसमध्ये (काँग्रेसच्या खालच्या सभागृहात) देशाची मर्यादा काढणारं बिल ३८९ विरुद्ध १५ ने पास. सेनेटमध्ये (वरच्या सभागृहात) अडलं. २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५. परत सेनेट. तिथे एकेक सेनेटर आडवा येणार, त्याची समजूत काढायला बिलात एकेक कलम घुसणार. शेवटी २ डिसेंबर २०२० ला सेनेटने एकमताने पास केलं, तेव्हा आमच्या कॉलवर लोक रडत होते. पण तोपर्यंत मसुदा हाउसच्या मसुद्यापेक्षा इतका वेगळा झाला होता की जुळवाजुळव झालीच नाही, आणि जानेवारीत ती काँग्रेसच संपली. २०२२ च्या डिसेंबरात पुन्हा एक बिल हाउसमध्ये मतदानापर्यंत आलं आणि मागे घेतलं.

वाटाणाफोडणी
लग्न ठरतं, पत्रिका छापतात, मांडव पडतो आणि मुलाकडचे म्हणतात आता पितृपक्ष लागला.

मस्कतकर
अवांतर. मी नागपाड्यात वाढलो, शिक्षण मुंबईत, मराठी तुमच्यापेक्षा शुद्ध. पण आईवडील तेव्हा मस्कतला नोकरीला होते आणि जन्म तिथला. त्यामुळे मी ओमानच्या कोट्यात! बायको चिपळूणची, तीसुद्धा माझ्या जन्मस्थानावर निघाली. सासरे म्हणतात, मुलीने आयुष्यात घेतलेला हा एकच व्यवहारी निर्णय.

कोथिंबीरवडी
स्थळं बघताना आता पत्रिकेत जन्मवेळेच्या आधी जन्मस्थान बघायचं.

लंडनची_पुरणपोळी
ब्रिटनमधून लिहितेय. नोव्हेंबर २००६ मध्ये इथे हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅमचे (कुशल परदेशी लोकांना बोलावण्याच्या योजनेचे) निकष बदलले, तेही आधीच आलेल्यांना लागू होतील असे. भारतातली घरं विकून आलेले लोक अडचणीत. मग 'एचएसएमपी फोरम' नावाची संघटना उभी राहिली, वर्गणी काढली, हायकोर्टात गेली आणि एप्रिल २००८ मध्ये जिंकली. कोर्ट म्हणालं, ज्यांना एक शब्द देऊन बोलावलं त्यांच्यासाठी तो मधेच बदलता येणार नाही. माझ्या दिराला त्याचा थेट फायदा झाला, आणि त्याने वर्गणीचा एक पेनी दिला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा! दर दिवाळीला ऐकवते त्याला.

टोरांटो_तात्या
रांग कमी करण्याची कॅनडाची पद्धत माहीत आहे का? २०१२ मध्ये कायदा करून २७ फेब्रुवारी २००८ च्या आधीचे, निर्णय न झालेले स्किल्ड वर्करचे अर्ज सरळ रद्द केले आणि फी परत केली. सुमारे २,८०,००० माणसं. सरकारच्या कागदावर बॅकलॉग खाली आला, झालं काम. "उशीर कमी करा" म्हणून मागणी करताना कसा कमी करा तेही नीट लिहावं, एवढंच सुचवतो. माझा मित्र सहा-सात वर्षं थांबला होता, त्याला चेक आला. व्याजसुद्धा नाही.

झिंगाभोजन
बाप रे. तात्या, हे माहीत नव्हतं.

जरीपटक्याचा
सगळं अमेरिका-कॅनडाचंच चाललंय म्हणून नागपूरचं सांगतो. आमच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं बरीच. लाँग टर्म व्हिसा आणि नागरिकत्व या दोन रांगांत लोकांची उमर गेली हो. आधी फाइल कलेक्टर ऑफिसातून मुंबईला, तिथून दिल्लीला, आणि दिल्लीहून शेरा मारून परत. मधेच पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली तर तो नवा करायला दिल्लीला हाय कमिशनच्या दारात.

माझे काका समाजाच्या धर्मशाळेत शनिवारी शिबिर लावायचे. नुसता अर्ज भरून देणं. एका म्हाताऱ्या बाईचं नाव पासपोर्टवर एक, व्हिसावर एक, आणि वीजबिल जावयाच्या नावावर. काका वैतागायचे, पण प्रतिज्ञापत्र करून देत. २०१६ मध्ये केंद्राने काही जिल्ह्यांच्या कलेक्टरांना नागरिकत्वाचे अधिकार दिले, त्यात नागपूर होतं. मग गाडी बरीच पुढे सरकली. तोवर ज्यांची फाइल शिबिरात आधीच नीट लावून ठेवली होती त्यांचं पहिले झालं.

परतलो_बुवा
हा प्रतिसाद आवडला. टेबलावरच्या उशीराला देश नसतो.

थालीपीठ_मेरीलँड
मी वॉशिंग्टनच्या भेटींना दरवर्षी जाते, जवळच आहे म्हणून. नाचणीसत्त्व, तू जाणार असशील तर काय होतं ते सांगते.

हाउसच्या सदस्यांची ऑफिसं रेबर्न, लाँगवर्थ आणि कॅनन अशा तीन इमारतींत. आत शिरताना बॅग स्कॅनरमधून. आमच्यातल्या एका काकूंनी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू आणले होते. पहारेकऱ्याने डबा उघडायला लावला, हुंगून बघितलं आणि काकूंनी त्याला लगेच एक देऊ केला. त्याने घेतला नाही, ड्यूटीवर होता, पण हसला.

काँग्रेसमन स्वतः क्वचित भेटतात. भेटतो तो त्यांचा स्टाफर, पंचविशीतला पोरगा किंवा पोरगी, हातात वही. पंधरा मिनिटं. पहिला प्रश्न कायम एकच: "तुम्ही आमच्या मतदारसंघात राहता का?" हो म्हटलं की पेन उघडतं. म्हणून प्रत्येक भेटीत त्या भागातला एक तरी माणूस हवाच, मग तो एच-१बी वर का असेना. तुमच्या नवऱ्याचं "आपल्याला मत नाही" तिथे तितकंसं खरं ठरत नाही. मतदारसंघात राहणारा प्रत्येक माणूस त्यांचा, आणि शेजारी, बॉस, मुलीची शिक्षिका यांना मत असतं. शिक्षिकेचं पत्र तर फार चालतं.

एकच पान द्यायचं. आकडे तीन, गोष्ट एक. आपल्या लोकांना पानं भरायची हौस फार, कोणी कोणी तर डिग्रीच्या झेरॉक्सही आणतात. आणि रडायचं नाही. रडू आलं तर आलं, पण ठरवून नाही.

आजोळ
आमची मुलगी जूनमध्ये एकवीस वर्षांची होतेय. तीन वर्षांची असताना आली. इथेच शाळा, इथेच कॉलेज. एकविसाव्या वर्षी आमच्या अर्जातून बाहेर पडणार. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांचं वय मोजताना बुलेटिनमधला पुढच्या तारखांचा तक्ता धरायचा असं ठरलं, तेव्हा हायसं वाटलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ते पुन्हा जुन्यावर नेलं. आता तिचा एफ-१ चा (विद्यार्थी व्हिसाचा) अर्ज तयार करतोय. तीच मला म्हणते, बाबा, एवढं काय, बघू.

अशाच मुलांनी चालवलेला 'इम्प्रूव्ह द ड्रीम' हा गट आहे. ती त्यांच्या कॉलला बसते. काही होईल की नाही माहीत नाही, पण तिथे तिला तिच्यासारखी मुलं भेटली, शाळेत कोणाला सांगता येत नव्हतं ते बोलता आलं. आमच्या घरात एवढा फरक नक्की पडला.

कोथिंबीरवडी
आजोळ, तुम्हाला आणि लेकीला शुभेच्छा. इतकंच लिहू शकते.

अर्धाकप
आजोळ, या मागणीला मात्र माझा काडीचाही विरोध नाही. नवरापण सही करेल.

घाटमाथा
आजोळ यांनी लिहिलं तेच मला नव्या स्वयंसेवकांना सांगायचं असतं. नियमातून मिळालेलं नियमातून जातं. ईएडीची आपोआप मुदतवाढ १८० दिवसांवरून ५४० दिवस केली होती, ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी नव्या अर्जांसाठी ती सोयच काढून टाकली. म्हणून नाचणीसत्त्व, तुझं रिन्यूअल कधी आहे ते आधी बघ. शक्य तितक्या आधी, सहा महिने अगोदर भर. गटाचं काम नंतर.

नाचणीसत्त्व
अरे देवा, काका! माझं ऑगस्टमध्ये संपतंय. आजच वकिलाला लिहिते. बरं, धोका आणि पैसे यावर कोणी बोललंच नाही.

उंबरठा
धोका: कायद्याने आपलं म्हणणं लोकप्रतिनिधींपुढे मांडायला नागरिक असावं लागत नाही. फोन, पत्र, भेट सगळं चालतं. पण ग्रीनकार्ड नसताना निवडणुकीतल्या कुठल्याही उमेदवाराला पैसे द्यायचे नाहीत, एक डॉलरही नाही, ते बेकायदा आहे. जेवणाच्या कार्यक्रमाचं "तिकीट" म्हणून कोणी मागितले तरी आधी विचार की हे पैसे कोणाच्या खात्यात जातात. संस्थेला वर्गणी देणं वेगळं. तरी तिचा जमाखर्च जाहीर असतो का बघ, आणि महिन्याला कापून घ्यायची परवानगी देऊ नकोस. आणि हल्लीचं वातावरण बघता समाजमाध्यमांवर स्वतःच्या नावाने भांडणं टाळ.

गटात राजकारण आहे, मानापमान आहे, तेच तेच लोक बोलतात. मंडळाच्या गणपतीत असतं तेवढंच.

थालीपीठ_मेरीलँड
आणि एक, गटात न जाताही करता येण्यासारखं. अर्ज नेहमीच्या मुदतीपेक्षा जास्त अडकला असेल तर आपल्या काँग्रेसमनच्या स्थानिक ऑफिसला फोन करायचा, वॉशिंग्टनच्या नाही. ते प्रायव्हसी रिलीजचा फॉर्म (माझी माहिती यांना द्या, अशी परवानगी) सही करून मागतात आणि खात्याकडे विचारणा करतात. प्रायॉरिटी डेट पुढे सरकत नाही, पण हरवलेली फाइल सापडते. अर्धे लोक हे न करता थेट वकिलाला पैसे देतात.

झिंगाभोजन
हे खरंच चालतं? माझं ईएडी मंजूर होऊन कार्ड टपालात गहाळ झालंय. फोनवर नुसतं रोबोटशी बोलणं चाललंय.

थालीपीठ_मेरीलँड
झिंगाभोजन, चालतं. पावती क्रमांक, मंजुरीची नोटीस आणि टपालाचा ट्रॅकिंग नंबर तिन्ही हाताशी ठेव. कुठला मतदारसंघ तुझा?

झिंगाभोजन
टेक्सास, ह्यूस्टनच्या पश्चिमेला. मतदारसंघाचा क्रमांक बघायला हवा.

नाचणीसत्त्व
ठरलं, रविवारच्या कॉलला बसते. ताईंनी विचारलंय की फोन करणार की पत्रं लिहिणार की तक्ता सांभाळणार. उंबरठाचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणतो, तक्ता मी करतो, तुझ्या एक्सेलवर माझा विश्वास नाही.

उंबरठा
त्याला आत्ताच सांग, तारखेचा रकाना आधी लॉक कर. अर्धे लोक दिवस आधी लिहितात, अर्धे महिना. नमुना हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

झिंगाभोजन
मलापण नमुना. आणि ऑफिसचा नंबर मिळाला, पण दहाला उघडतं.